मजकुराला रंग नसतो : चाँदबीबीचा झगा शिवताना

१/
क्षणभर डोळे मिटून चाँदबीबी आठवून पाहा. बहुतेकांना घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली एक तरुण, देखणी राणी दिसेल. आता एक साधा प्रश्न : १५९६ च्या फेब्रुवारीत नगरच्या किल्ल्याच्या तटाला भगदाड पडले, तेव्हा तिच्या अंगावर नेमके काय होते? हा प्रश्न मला एका हॅलोविनच्या पोशाखामुळे सोडवावा लागला. त्याची ही हकिगत, आणि तिच्या जोडीने थोडा इतिहास. थ्रेड लांबलचक आहे, सवडीने वाचावा.

२/
माझी मामेबहीण पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. तिच्या कार्यालयात ३१ ऑक्टोबरला हॅलोविन साजरा होतो. यंदाचा विषय होता ‘इतिहासातली भुते’. तिचा निरोप आला : “ताई, तू इतिहासवाली आणि आपण नगरच्या. मला चाँदबीबीच्या भुताचा गाऊन शिवून दे ना. फाटका, रक्ताचे डाग असलेला.” पहिले वाक्य वाचून मला आनंद झाला, दुसरे वाचून उत्सुकता वाटली. तिसऱ्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबले.

३/
हॅलोविनचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांच्या ‘साविन’ या सणाशी जोडतात. हिवाळ्याच्या तोंडाशी मृतांचा आणि जिवंतांचा पडदा विरळ होतो, अशी समजूत होती. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची पूर्वसंध्या म्हणजे हॅलोविन. सोंगे घेऊन दारोदार फिरण्याची चाल तिथूनच अमेरिकेत गेली. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. भारुडातील सोंगे किंवा सह्याद्रीतील बोहाडा पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याचे रूप अंगावर घेणे म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही.

४/
पण सोंगाचीही एक मर्यादा असते. चाँदबीबी ही दंतकथा नाही; हाडामांसाची स्त्री होती, आणि तिचा खून झाला. १६०० साली मोगलांनी पुन्हा नगरला वेढा घातला. किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने वाटाघाटीचा विचार मांडला. त्यावरून ‘बीबी फितूर झाली’ अशी हाकाटी पिटली गेली, जमाव आत शिरला आणि तिच्याच लोकांनी तिला ठार केले. त्यानंतर लवकरच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, किल्ला पडला. ज्या रक्तावर फितुरीचा खोटा शिक्का होता, ते लाल रंगाने कापडावर शिंपडायला माझा हात धजेना.

५/
बहिणीला मी एवढेच कळवले : “झगा शिवीन, रक्त नाही. फाटकाही नाही. पण तुझ्या कार्यालयात कोणी पाहिला नसेल असा शिवीन.” ती थोडी हिरमुसली, तरी तयार झाली. मग मी भिंगारला मावशीकडे गेले. मावशी गेली अनेक वर्षे घरी शिवणकाम करते. ‘गाऊन’ हा शब्द ऐकताच तिने विचारले, “म्हणजे मॅक्सी का गं?” आपल्याकडे गाऊन म्हटला की घरात घालायची मॅक्सी, नाहीतर रिसेप्शनचा झगमगता पायघोळ पोशाख. आमचा तिसराच प्रकार होता. म्हणून आम्ही जुना मराठी शब्द उचलला : झगा.

६/
आता पुरावे. हातावर ससाणा घेतलेली अश्वारूढ चाँदबीबी दाखवणारी दखनी चित्रे पुष्कळ आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील प्रसिद्ध चित्र साधारण १७०० च्या सुमाराचे आहे. इतर अनेक अठराव्या शतकातील. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षे किंवा त्याहून अधिक काळाने काढलेली. चित्रकाराने तिला पाहिले नव्हते, आणि तिला पाहिलेल्या कोणालाही तो भेटला असणे शक्य नव्हते. चित्रे सुंदर आहेत. पण त्यांत दिसतो तो अठराव्या शतकाच्या मनातील चाँदबीबीचा पोशाख.

७/
दुसऱ्याची वस्तू चाँदबीबीच्या नावावर चढवण्याची खोड आम्हा नगरकरांनाही आहे. शहराच्या पूर्वेला शहा डोंगरावर एक भव्य अष्टकोनी, तीन मजली वास्तू उभी आहे. सारे जण तिला ‘चाँदबीबीचा महाल’ म्हणतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. हा सलाबतखान चाँदबीबीचा भाऊ मूर्तझा निजामशाह याचा कारभारी होता. लोकांचे प्रेम खरे आहे, पण पत्ता चुकलेला. पोशाखाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

८/
मग तिच्या काळातले काय हाती लागते? पहिला आधार इतिहासकार फिरिश्ता. तो नगरच्या निजामशाही दरबारात वावरला होता आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. वेढ्याच्या वेळी तो नगरमध्ये नव्हता. पण समकालीन होता, आणि नगरची माणसे त्याला ठाऊक होती. वेढा सुरू झाला डिसेंबर १५९५ मध्ये. बाहेर अकबराचा मुलगा शहजादा मुराद. आत भावाच्या अल्पवयीन नातवाच्या, बहादुरशाहाच्या, हक्कासाठी उभी राहिलेली चाँदबीबी.

९/
मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले होते. आतल्यांना त्याची खबर लागली आणि त्यांनी काही सुरुंग शोधून निकामी केले. एकाचे काम चालू असतानाच तो उडाला. तटाचा मोठा भाग ढासळला आणि बचाव करणाऱ्यांची फळी फुटू लागली. फिरिश्ता सांगतो की अशा वेळी चाँदबीबी भगदाडाशी आली. अंगात चिलखत, चेहऱ्यावर पडदा, हातात उपसलेली तलवार. हल्ला परतवला गेला आणि रातोरात भगदाड बुजवले गेले. पुढे वऱ्हाड देऊन तह झाला आणि मुरादने वेढा उठवला.

१०/
चिलखत, पडदा, तलवार. आमच्या झग्यासाठी लिखित पुरावा एवढाच. वाचताना हे तीन शब्द पुरेसे वाटतात. मन उरलेले चित्र आपोआप भरून काढते. कात्री हातात घेतली की मात्र मन थबकते. पडद्याचा रंग कोणता? चिलखताखाली काय? बाह्या किती लांब? पायांत काय? मजकुराला रंग नसतो, हे मला त्या दिवशी मावशीच्या कटिंगच्या टेबलाशी नीट कळले. लिहिताना ‘तिने चिलखत चढवले’ म्हणून पुढे जाता येते. शिवताना प्रत्येक वीतभर कापडाला उत्तर द्यावे लागते.

११/
दुसरा आधार अधिक हळवा आहे. चाँदबीबीचे वडील हुसेन निजामशाह (कारकीर्द १५५३ ते १५६५) यांच्या स्तुतीसाठी आफताबी नावाच्या कवीने फारसीत एक काव्य रचले : ‘तारीफ-इ-हुसेनशाही’. त्याचे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात बारा चित्रे शिल्लक आहेत, आणि दखनी चित्रकलेच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. गो. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. माझ्या टेबलावर महिनाभर तीच उघडी होती.

१२/
या चित्रांचे वेगळेपण असे की त्यांत राजाशेजारी राणी बसलेली होती. ती खुंजा हुमायून, हुसेनची बेगम आणि चाँदबीबीची आई. ‘होती’ म्हणण्याचे कारण हे की बहुतेक चित्रांत तिची आकृती पुसून टाकलेली किंवा रंगाने झाकलेली आहे. १५६५ मध्ये हुसेन वारल्यावर तिने अल्पवयीन मुलाच्या नावाने काही वर्षे कारभार पाहिला. पुढे त्याच मुलाने, मूर्तझाने, तिला कैद करून सत्ता हाती घेतली. अभ्यासक ही पुसापुशी तिच्या या पाडावाशी जोडतात. राजा सिंहासनावर तसाच आहे. शेजारी एक डाग उरला आहे.

१३/
तरी राणीभोवतालच्या स्त्रिया शाबूत आहेत, आणि त्यांनी मला वाट दाखवली. अंगात घट्ट चोळी. पाठीवर लांब वेणी आणि तिच्या टोकाला गोंडा. हा थाट उत्तरेकडचा मानला जातो. पण त्यांच्या अंगाभोवती, नितंबांच्याही खालून फिरवलेला जो लांब शेला आहे, तो दक्षिणेकडचा. लेपाक्षीच्या भित्तिचित्रांतील विजयनगरी स्त्रियांशी त्याचे नाते सांगतात. उत्तर आणि दक्षिण यांच्या मध्ये वसलेले नगर एकाच बाईच्या अंगावर असे एकत्र आलेले दिसते. पुस्तकात वाचलेले ‘दखनी संस्कृती’ हे शब्द मला पहिल्यांदा मोजपट्टीने मोजता आले.

१४/
अर्थात ही चित्रे १५६५ च्या सुमाराची आणि वेढा १५९६ चा. मधे तीस वर्षे गेली. त्या काळात चाँदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहाची बेगम झाली. १५८० मध्ये त्याचा खून झाल्यावर तिने लहानग्या इब्राहिमच्या वतीने तिथला कारभार सांभाळला. आणि मग ती माहेरी परतली. भगदाडाशी उभी राहिली ती पंधरा वर्षांचे वैधव्य आणि दोन दरबारांतील कारस्थाने पाहिलेली प्रौढ स्त्री. कॅलेंडरवरची नवतरुणी नव्हे. त्यामुळे नववधूसारखा लाल-सोनेरी झगमगाट आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला.

१५/
मग मी एक नियम ठरवला. ज्या गोष्टीला त्या काळच्या नगरच्या चित्राचा आधार आहे, तिला रंग द्यायचा. ज्या गोष्टीला आधार फक्त शब्दांचा आहे किंवा केवळ तर्काचा आहे, ती बिनरंगी ठेवायची. जुन्या मूर्तीचा तुटलेला भाग भरताना कसबी कारागीर नव्या भागाचा पोत थोडा वेगळा राखतो, तसे. पाहणाऱ्याला कळले पाहिजे की पुरावा कुठे संपला. म्हणून चोळी आणि शेला तांबडा, चित्रांत ठळकपणे येणारा. बाकी सारे मांजरपाटाचे : कोरे, न धुतलेले, पिवळसर.

१६/
मांजरपाट निवडण्यामागे दुसरे कारण खिशाचे होते. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. मला मोह मशरूचा होता. मशरू म्हणजे उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा; वरून रेशीम झळकते आणि अंगाला सूत लागते. अरबीत या शब्दाचा अर्थ ‘धर्माला मान्य’. नुसते रेशीम अंगाला लावणे निषिद्ध मानणाऱ्यांसाठी काढलेली ही विणकरांची युक्ती. पण माझ्या शिष्यवृत्तीत ते बसेना. कापड बाजारातून दहा मीटर मांजरपाट आणले आणि नियमालाही बळ मिळाले.

१७/
चिलखताखाली काय असावे, याला उत्तर शरीरच देते. लोखंडी कड्यांचे चिलखत आठ-दहा किलोंच्या घरात जाऊ शकते. ते नुसत्या चोळीवर घातले तर खांदे सोलून निघतील, आणि वार बसला तर कडी कातडीत रुततील. खाली जाड, भरीव अंगरखा हवाच. म्हणून आमचा झगा म्हणजे हा भरीव अंगरखा. मावशी म्हणाली, “अगं, ही तर गोधडीच. बाह्यांची.” तिने जुन्या साड्यांचे थर मांजरपाटाच्या दोन पदरांत घातले आणि कडेकडून आत धावदोरा घालत नेला. निजामशाही शिंप्याचे तंत्र मला माहीत नाही. भिंगारच्या बाईचे तंत्र तरी माझ्यापुढे होते.

१८/
दिवाळीच्या ब्लाऊजांची गर्दी असल्याने शिलाई मशीन दिवसा मोकळे नसे. त्यामुळे बरेचसे काम हातानेच झाले, आणि ते बरेच झाले. शिलाई मशीन ही एकोणिसाव्या शतकाची देणगी. कापड आम्ही जुन्या पद्धतीने बेतले. हातमागाचा पन्हा विणकराच्या हातांच्या आवाक्याएवढा, त्यामुळे जुने कपडे सरळ पट्ट्या आणि तिरप्या कळ्या जोडून होत. काखेत चौकोनी बगल बसवली की हात वर उचलता येतो. टक्स घालावे लागत नाहीत. तलवार उपसायची असेल तर हा चौकोनी तुकडा फार महत्त्वाचा ठरतो. बहिणीने हात उंचावून पाहिला. कुठेही ताण आला नाही.

१९/
बटणे नाहीत, झिप तर नाहीच, सगळे बंद. मोगल काळात मुसलमानांनी बंद उजवीकडे आणि हिंदूंनी डावीकडे बांधण्याचा संकेत रूढ होता, तो धरून आम्ही बंद उजवीकडे लावले. चिलखतासाठी रंगभूमीवरची जुनी युक्ती वापरली : जाड सुतळी क्रोशाने विणून तिला चंदेरी रंग. तलवार पुठ्ठ्याची. पडदा एकपदरी मलमलीचा, पांढरा. कारण फिरिश्ता पडदा सांगतो, रंग सांगत नाही.

२०/
पोशाख पहिल्यांदा चढवला तेव्हा दोन गोष्टी उमगल्या. पहिली : हा पोशाख एकटीला घालता येत नाही. मी आणि मावशी, दोघी मिळून बहिणीला सजवायला वीस मिनिटे लागली. म्हणजे भगदाड पडल्यावर बीबी जनानखान्यातून आवेगाने धावत आली, हे चित्र मला आता पटत नाही. चिलखत आधीच अंगावर किंवा हाताशी असणार, आणि ते बांधणाऱ्या बायकाही आसपास असणार. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तो शिवणीतून आला आहे.

२१/
दुसरी गोष्ट पडद्याची. मी स्वतः तो ओढून पाहिला. आतून मला मावशीच्या कपाळावरचा घामही दिसत होता. तिला माझा चेहरा वाचता येत नव्हता. आवाज मात्र स्पष्ट पोहोचत होता. पडद्याआडून हुकूम देणे अवघड असेल, असे मी गृहीत धरले होते. तसे काही नव्हते. पाहणारी ती आणि न दिसणारीही तीच. क्षणभर मला ‘तारीफ’मधले पुसलेले चेहरे आठवले. आईचा चेहरा इतरांनी झाकला. मुलीने आपला चेहरा स्वतः झाकला आणि लढाईला उभी राहिली. दोन्हींत फार अंतर आहे.

२२/
३१ ऑक्टोबरच्या रात्री बहिणीचा फोन आला. बक्षीस एका रक्तपिपासू काउंटला मिळाले, हे तिने हसत सांगितले. पण दिवसभर लोक तिला विचारत होते : “झगा अर्धवट का राहिला? रंगवायला वेळ मिळाला नाही का?” आणि ती प्रत्येकाला सांगत होती : “जिथे कोरे आहे, तिथे आपल्याला माहीत नाही.” मग पुढचा प्रश्न येई : मग काय माहीत आहे? आणि तिथून चाँदबीबीची गोष्ट सुरू होई. मूळची नगरची असलेली तिची एक सहकारी म्हणाली, “आमच्याकडे तिचा महाल आहे.” बहिणीने तिला सलाबतखान समजावून दिला. मला बक्षीस तिथेच पोहोचले.

२३/
तुमच्यापैकी अनेकांना शिवजयंतीला, गडावरच्या कार्यक्रमाला किंवा स्नेहसंमेलनाला ऐतिहासिक पोशाख करावा लागतो. कापड घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारून पाहा. ज्या चित्रावरून शिवणार, ते त्या व्यक्तीच्या हयातीतले आहे का? त्या प्रसंगी त्या व्यक्तीचे वय आणि अवस्था काय होती? आणि जे माहीत नाही, ते पाहणाऱ्याला कसे कळेल? प्रत्येकाने मांजरपाटच वापरावे असे नाही. एखादी चिठ्ठी, एखादे वाक्यही पुरते. मात्र उत्तर नसलेल्या जागी जर लावली की ती जरच पुढे इतिहास म्हणून मिरवते.

२४/
झगा आता भिंगारला परत आला आहे. थंडी पडू लागल्यापासून मावशीच्या सासूबाई तो रात्री पांघरतात. शेवटी गोधडीच ती. पुढचा थ्रेड सलाबतखानाच्या कबरीवर : त्या डोंगरावर चाँदबीबीचे नाव कसे चढले असावे, आणि वास्तूतच काय काय वाचता येते. कधी पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात ‘तारीफ’ची छापील आवृत्ती मागून जरूर पाहा. राजाशेजारचा तो डाग शोधा. तिथे चाँदबीबीची आई बसली होती.